‘कॉम्प्लेक्शन’ या शब्दाचा नेमका अर्थ काय, आणि तो आला कुठून?

प्रश्न थोडक्यात असा आहे. इंग्रजी-मराठी शब्दकोशात ‘कॉम्प्लेक्शन’ला रंग, वर्ण, कांती असे प्रतिशब्द मिळतात आणि पुढे कुठेतरी ‘स्वरूप’ असंही असतं. जुनं इंग्रजी साहित्य वाचताना मात्र ‘स्वभाव’ किंवा ‘प्रकृती’ घेतल्याशिवाय वाक्य लागत नाही. हे सगळे अर्थ एका शब्दात आले कसे? आणि लग्नाच्या बायोडेटात आपण ‘व्हीटिश कॉम्प्लेक्शन’ लिहितो, ते परदेशातल्या माणसाला कळतं का?

मी बरीच वर्षं इंग्रजी-मराठी भाषांतर करतो आणि शिकवतोही. कादंबऱ्या, दवाखान्यांचे अहवाल, कोर्टाचे कागद, परदेशी पाठवायचे अर्ज अशा सगळ्यांत हा शब्द भेटतो आणि प्रत्येक ठिकाणी त्याला वेगळा मराठी शब्द लागतो. सोपा समजून ज्या शब्दावरून नजर पुढे सरकते, त्यांत हा वरच्या क्रमांकाचा आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आजच्या इंग्रजीत त्याचे दोन अर्थ जिवंत आहेत. पहिला, चेहऱ्याच्या त्वचेचं एकूण दिसणं: तिचा रंग, पोत, तजेला, आणि त्यावरून जाणवणारं आरोग्य. दुसरा, एखाद्या प्रकरणाचं किंवा संस्थेचं स्वरूप. तिसरा अर्थ, म्हणजे माणसाची मूळ प्रकृती, इंग्रजी बोलण्यातून आता गेला आहे. पण पहिले दोन्ही अर्थ त्या तिसऱ्याच्याच पोटातून निघाले आहेत, त्यामुळे सुरुवात तिथून करावी लागते.

लॅटिनमध्ये ‘प्लेक्तेरे’ म्हणजे विणणे, गुंफणे, वेणी घालणे. त्याला ‘एकत्र’ या अर्थाचा ‘कोम’ हा उपसर्ग लागला आणि ‘कॉम्प्लेक्सिओ’ तयार झालं: अनेक गोष्टींची एकमेकींत गुंफण. इंग्रजीतला ‘कॉम्प्लेक्स’, म्हणजे गुंतागुंतीचा, हा याच घरातला. ‘परप्लेक्स’ म्हणजे बुद्धी गुंतून पडणे, तोही याच घरातला. डॉक्टर पोटामागच्या मज्जातंतूंच्या जाळ्याला ‘सोलर प्लेक्सस’ म्हणतात, तिथेही तीच वीण आहे. म्हणजे मुळात या शब्दाचा त्वचेशी संबंध नव्हता आणि रंगाशीही नव्हता.

मग शरीरात गुंफण कशाची? इथे ग्रीक वैद्यक येतं. हिप्पोक्रेटिसच्या परंपरेत शरीरात चार द्रव मानले जात: रक्त, कफ, पिवळं पित्त आणि काळं पित्त. पर्गामॉन या ग्रीक शहरातल्या गॅलेन या वैद्याने (जन्म इ. स. 129) त्याला उष्ण, शीत, कोरडा आणि ओला या चार गुणांची जोड देऊन सगळी मांडणी पक्की केली. प्रत्येक माणसात या गुणांचं मिश्रण वेगळं असतं. त्या मिश्रणाला ग्रीकमध्ये ‘क्रासिस’ म्हणत. गॅलेनच्या हिशेबाने मिश्रणाचे नऊ प्रकार: एक समतोल, चार एकाच गुणाच्या जोराचे आणि चार दोन गुणांच्या जोराचे.

‘क्रासिस’ हा शब्द आजही इंग्रजीत लपून बसलेला आहे. ‘इडिओसिंक्रसी’ म्हणजे एखाद्याची खास लकब. शब्दशः ते ‘स्वतःचं खासगी मिश्रण’ आहे. रक्ताच्या काही विकारांना डॉक्टर ‘डिस्क्रेझिया’ म्हणतात, म्हणजे बिघडलेलं मिश्रण. याच धातूवरून ग्रीक लोक ज्या मोठ्या भांड्यात द्राक्षारस आणि पाणी एकत्र करत, त्याला ‘क्रातेर’ हे नाव पडलं, आणि पुढे त्याच आकाराच्या खळग्यांना ‘क्रेटर’. बुलढाण्यातल्या लोणारला आपण क्रेटर म्हणतो, तेव्हा त्याच कुटुंबातला शब्द उच्चारत असतो.

हे ग्रीक वैद्यक युरोपला थेट ग्रीकमधून फारसं मिळालं नाही. त्यातलं बरंच अरबीच्या वाटेने आलं. बगदादमध्ये गॅलेनचे ग्रंथ अरबीत गेले. इब्न सीना या वैद्याने अकराव्या शतकाच्या सुरुवातीला आपल्या ‘कानून’ या वैद्यकग्रंथात ते शास्त्र एकत्र बांधलं. अरबीत ‘क्रासिस’साठी शब्द होता ‘मिजाज’, आणि त्याच्या धातूचा अर्थही मिसळणे हाच. अकराव्या शतकात इटलीतल्या मोंते कासिनोच्या मठात आफ्रिकेतून आलेल्या कॉन्स्टन्टाइनने अरबी वैद्यक लॅटिनमध्ये आणलं. पुढच्या शतकात स्पेनमधल्या तोलेदोत क्रेमोनाच्या जेरार्डने (मृत्यू 1187) ‘कानून’चं लॅटिन भाषांतर केलं. ‘मिजाज’साठी लॅटिनमध्ये जो शब्द रुळला तो ‘कॉम्प्लेक्सिओ’. एक भाषांतरकार म्हणून मला ही निवड फार आवडते. मिसळण्याच्या जागी त्यांनी गुंफण्याचा शब्द घेतला, पण कल्पना तंतोतंत उतरली.

मराठी वाचकासाठी इथे एक सुंदर गोष्ट आहे. तोच अरबी ‘मिजाज’ फारसीतून आपल्याकडे आला आणि मराठीत ‘मिजास’ झाला. ‘त्याची मिजास उतरवली’, ‘मिजासखोर’ असं आपण म्हणतो. हिंदी-उर्दूत ‘मिजाज कैसे हैं’ असं तब्येतीसाठी विचारतात, आणि युनानी वैद्यकात ‘मिजाज’ हा शब्द आजही त्याच जुन्या शास्त्रीय अर्थाने चालतो. म्हणजे आपली ‘मिजास’ आणि इंग्रजांचं ‘कॉम्प्लेक्शन’ एकाच वैद्यकीय संकल्पनेची दोन टोकं आहेत. मराठीत ती संकल्पना तोऱ्याकडे गेली, इंग्रजीत गालाच्या कातडीकडे.

इंग्रजीत हा शब्द फ्रेंचमधून चौदाव्या शतकात आला आणि आला तो वैद्यकीय अर्थ घेऊनच. त्या शतकाच्या अखेरीस चॉसर या कवीने ‘कँटरबरी टेल्स’मध्ये फ्रँकलिन नावाचा सधन जमीनदार रंगवला आहे. त्याची दाढी डेझीच्या फुलासारखी पांढरी, आणि ‘कॉम्प्लेक्शन’ने तो ‘सँग्विन’. सँग्विन म्हणजे रक्तप्रधान. अशा माणसाचा चेहरा लालसर, स्वभाव आनंदी, हात सढळ. आणि खरोखरच या गृहस्थाच्या घरी खाण्यापिण्याचा जणू बर्फ पडतो असं चॉसर सांगतो. तिथे ‘लाल रंगाचा’ असं भाषांतर केलं तर अर्धं वर्णन वाया जातं, आणि ‘आनंदी स्वभावाचा’ केलं तर उरलेलं अर्धं.

त्याच ग्रंथात एक कोंबडी आपल्या कोंबड्याला सल्ला देते. कोंबड्याला रात्री एक लालसर-पिवळा भयंकर प्राणी स्वप्नात दिसलेला असतो. कोंबडी म्हणते, स्वप्नाबिप्नाचं काही नाही, तुमचं पित्त वाढलंय. तुमचं कॉम्प्लेक्शन पित्ताचं आहे, तेव्हा डोक्यावरच्या उन्हापासून जपा आणि एखादं रेचक घ्या. इंग्रज विद्यार्थ्याला हा उतारा तळटिपांशिवाय कळत नाही. मराठी घरात वाढलेल्या माणसाला तो लगेच कळतो, कारण ‘तुझी पित्तप्रकृती आहे, उन्हात हिंडू नकोस’ हे वाक्य त्याने आजीकडून ऐकलेलं असतं. पपई उष्ण, काकडी थंड, सुंठ गरम पडते, ही आपल्या स्वयंपाकघरातली भाषा गॅलेनच्या वाचकालाही परकी वाटली नसती.

म्हणून जुन्या इंग्रजीतल्या ‘कॉम्प्लेक्शन’साठी माझा पहिला मराठी शब्द ‘प्रकृती’ असतो. आयुर्वेदाचे त्रिदोष आणि ग्रीकांचे चार द्रव ही दोन वेगळी शास्त्रं आहेत, त्यांची सरमिसळ करू नये. पण दोन्हीकडे एक समजूत सारखी होती: माणसाच्या आतलं मिश्रण बाहेर कातडीवर दिसतं. चरकसंहितेच्या इंद्रियस्थानात वैद्याने रोग्याचा वर्ण पाहावा असं सांगताना शरीराचे स्वाभाविक वर्ण दिले आहेत: कृष्ण, श्याम, श्यामावदात आणि अवदात. त्यांना तिथे नावच ‘प्रकृतिवर्ण’ असं आहे. निळसर, तांबूस, हिरवट असे वर्ण दिसले तर ते विकृतीचे. काळा किंवा सावळा असणं ही त्या यादीत विकृती नाही, हे मुद्दाम लक्षात घ्यावं. वैद्याला चिंता असते ती मूळ वर्ण बदलण्याची.

युरोपातला वैद्यही हेच करत होता. रक्त जास्त तर चेहरा लाल, कफ जास्त तर पांढुरका, पिवळं पित्त जास्त तर पिवळट, काळं पित्त जास्त तर काळवंडलेला. आतली गुंफण डोळ्यांना दिसत नाही, गाल दिसतात. रोज गालांकडे पाहून ‘याचं कॉम्प्लेक्शन अमुक’ असं म्हणता म्हणता शब्द गालांवरच येऊन बसला. पंधराव्या-सोळाव्या शतकांत हा सरकलेला अर्थ इंग्रजीत दिसू लागतो. पुढे चार द्रवांचं शास्त्रच मोडीत निघालं. ज्याची खूण होती ते गेलं आणि खूण तेवढी मागे राहिली.

मराठीतल्या ‘प्रकृती’चं नेमकं उलटं झालं आहे. तिलाही बोलीभाषेत अर्थ बदलावा लागला, पण ‘प्रकृती कशी आहे?’ म्हणताना आपण आजही शरीराच्या आतल्या अवस्थेबद्दलच विचारतो. आपला शब्द आतच राहिला.

मधल्या काळात दोन्ही अर्थ शेजारी शेजारी नांदत होते, आणि शेक्सपिअरने त्याचा पुरेपूर फायदा घेतला. ‘हॅम्लेट’मध्ये नायक म्हणतो की माणसात एखादं ‘कॉम्प्लेक्शन’ माजलं की ते विवेकाची तटबंदी फोडतं. तिथे चेहऱ्याचा प्रश्नच नाही, स्वभावातल्या एका घटकाच्या अतिरेकाबद्दल तो बोलतोय. ‘मर्चंट ऑफ व्हेनिस’मध्ये मात्र मोरोक्कोचा राजपुत्र पोर्शियाला विनवतो की माझ्या कॉम्प्लेक्शनमुळे मला नापसंत करू नकोस, ही तर सूर्याने मला दिलेली सावळी वस्त्रं आहेत. इथे उघड त्वचेचा रंग आहे. पोर्शियाशी लग्न करायचं तर तीन पेट्यांतून बरोबर पेटी निवडावी लागते. तो निवडताना चुकतो आणि निघून जातो, तेव्हा पोर्शिया म्हणते की याच्या कॉम्प्लेक्शनच्या सगळ्यांनी मला असंच निवडावं. आता हा रंग की स्वभाव? सोनेरी पेटीच्या झगमगाटाला भुलणारा स्वभाव असाही अर्थ लागतो, आणि कातडीचा रंग असाही. मी तिथे ‘जातकुळी’, ‘वर्ण’ आणि ‘प्रकृती’ तिन्ही वापरून पाहिले आहेत. ‘वर्ण’ सर्वांत जवळ जातो, कारण त्या शब्दातही रंगापलीकडचं ओझं आहे.

‘मच अडू अबाउट नथिंग’मधला एक विनोद तर या दुहेरीपणावरच उभा आहे. क्लॉडिओ हिरमुसून बसलेला असतो, आणि बिॲट्रिस म्हणते की हा आजारी नाही, आनंदी नाही, हा तर संत्र्यासारखा ‘सिव्हिल’ आहे आणि त्याचं कॉम्प्लेक्शनही तसंच मत्सरी. ‘सिव्हिल’ म्हणजे सभ्य, आणि उच्चाराला जवळचं सेव्हिल म्हणजे कडवट संत्र्यांसाठी प्रसिद्ध असलेलं स्पेनमधलं शहर. पिवळा रंग तिकडे मत्सराचा मानला जाई. चेहऱ्याचा पिवळेपणा आणि मनातला मत्सर एकाच शब्दात सांगितला आहे. याचं नीट मराठी भाषांतर होत नाही, आणि ते मान्य करून पुढे जाणं बरं.

आता आजच्या मुख्य अर्थाकडे. तो ‘त्वचेचा रंग’ एवढाच आहे असं ज्यांना वाटतं, त्यांना मी नेहमी जेन ऑस्टिनच्या ‘सेन्स अँड सेन्सिबिलिटी’मधलं (1811) मॅरिअनचं वर्णन दाखवतो. तिची त्वचा चांगलीच सावळी होती, पण त्या त्वचेच्या पारदर्शकपणामुळे तिचं कॉम्प्लेक्शन विलक्षण तेजस्वी होतं, असं लेखिका लिहिते. एकाच वाक्यात त्वचेचा रंग एकीकडे आणि कॉम्प्लेक्शन दुसरीकडे, मध्ये ‘पण’. दोन्ही एकच असते तर हे वाक्य लिहिताच आलं नसतं. मराठीत हा फरक सांगायला शब्द तयार आहे: ‘कांती’. मॅरिअनचा रंग सावळा आणि कांती सतेज. आपण स्वतःही ‘रंगाने काळीसावळी पण तुकतुकीत कांतीची’ असं म्हणतच आलो आहोत.

म्हणून ‘गुड कॉम्प्लेक्शन’ म्हणजे गोरा रंग नव्हे. त्वचा नितळ आहे, डाग-पुरळ नाही, चेहऱ्यावर टवटवी आहे, असा त्याचा अर्थ. ‘क्लिअर कॉम्प्लेक्शन’ म्हणजे नितळ त्वचा. ‘बॅड कॉम्प्लेक्शन’ म्हणजे मुरमं, खड्डे, तेलकटपणा, काळेपणा नाही. ‘डल’ म्हणजे निस्तेज. इंग्रजीतून येणाऱ्या सौंदर्यप्रसाधनांच्या मजकुरात ‘इम्प्रूव्ह्ज कॉम्प्लेक्शन’ असतं. त्याचं ‘रंग उजळतो’ असं मराठी करण्याची सवय आपल्याकडे इतकी मुरली आहे की ती चूक आहे हेच कुणाला जाणवत नाही. मूळ मजकुरात गोरं करण्याचं आश्वासन नसताना भाषांतरात ते येतं. मी यावर आग्रही आहे, कारण हा निव्वळ शब्दांचा खेळ राहत नाही, त्या आश्वासनावर माणसं पैसे खर्च करतात. भारतात 1975 साली आलेल्या ‘फेअर अँड लव्हली’ या क्रीमचं नाव 2020 साली ‘ग्लो अँड लव्हली’ झालं. रंगाचा शब्द गेला आणि तेजाचा आला. कॉम्प्लेक्शनच्या अर्थाचे हेच दोन भाग आहेत, आणि त्यांपैकी कुठला विकला जातोय हे वाचणाऱ्याने पाहावं.

रंग आणि आरोग्य यांची सांगड असलेली बरीच विशेषणं या शब्दाबरोबर येतात. ‘रडी’ म्हणजे निरोगी लाली. ‘फ्लोरिड’ म्हणजे त्याहून जास्त, लालबुंद म्हणावा असा चेहरा. डॉक्टरांच्या नोंदीत ते कौतुक नसतं. ‘सॅलो’ म्हणजे आजारी पिवळट. त्याला ‘गव्हाळ’ म्हणणारी भाषांतरं मी पाहिली आहेत. गव्हाळ हा आपल्याकडे पसंतीचा शब्द आहे आणि सॅलो कधीच नसतो. ‘पेस्टी’ म्हणजे पिठूळ, बेचव पांढरटपणा. ‘पेल’ला प्रसंग पाहून ‘फिकट’ किंवा ‘पांढराफटक’. वैद्यकीय मजकुरात आणखी एक काळजी घ्यावी लागते: ही सगळी विशेषणं गोऱ्या युरोपीय त्वचेवर घडलेली आहेत. सावळ्या त्वचेवर पांढुरकेपणा किंवा कावीळ गालावर लवकर दिसत नाही, म्हणून आपल्याकडचे डॉक्टर खालची पापणी ओढून पाहतात, जीभ आणि नखं पाहतात. रुग्णांसाठीच्या माहितीपत्रकात ‘चेहरा पांढरा पडतो’ एवढंच उतरवलं तर मराठी वाचकाला त्याचा उपयोग कमी.

‘फेअर’बद्दल दोन शब्द. या शब्दाचा मूळ इंग्रजी अर्थ ‘सुंदर’ असा होता. उजळ रंग हा अर्थ त्यावर नंतर चढला, कारण त्या समाजाला उजळ म्हणजे सुंदर वाटत होतं. आपल्याकडे ‘उजळ’, ‘गोरीपान’ या शब्दांत जो कौल दडलेला असतो, तसाच तिकडेही.

नोंदवह्यांमधलं कॉम्प्लेक्शन हा वेगळाच विषय आहे, आणि पूर्वजांचे कागद शोधणाऱ्या मंडळींकडून मला यावर बरेच प्रश्न येतात. छायाचित्रं सर्रास होण्याआधी माणूस ओळखायचा कसा, तर वर्णनाने. अमेरिकेतल्या यादवी युद्धातल्या सैनिकांच्या याद्यांत, पहिल्या महायुद्धातल्या ब्रिटिश भरतीच्या कागदांत उंची, डोळे, केस यांच्या शेजारी ‘कॉम्प्लेक्शन’चा रकाना आहे. त्यात ‘फेअर’, ‘डार्क’ आणि फार वेळा ‘फ्रेश’ असं लिहिलेलं सापडतं. ‘फ्रेश’ हा रंग नाही. तरतरीत, गालांवर लाली असलेला चेहरा असा त्याचा अर्थ. आणि एखाद्या इंग्रज शिपायाच्या पुढे ‘डार्क’ असेल तर त्याला आपल्या अर्थाने ‘काळासावळा’ समजू नये. केस काळे, डोळे गडद आणि त्वचा इतर गोऱ्यांपेक्षा किंचित गडद एवढाच त्याचा आवाका असतो. ‘टॉल, डार्क अँड हॅण्डसम’मधला ‘डार्क’ही मुळात तोच.

याची एक काळी बाजूही आहे. अठराव्या शतकात अमेरिकेतल्या ब्रिटिश वसाहतींत पळून गेलेल्या गुलामांना पकडण्यासाठी वर्तमानपत्रांत जाहिराती येत, आणि त्यांत माणसाचं कॉम्प्लेक्शन काळं, पिवळं, तांबूस असं नोंदवलेलं असे. प्रत्येक माणसाचं मिश्रण वेगळं असतं, ते वयानुसार, ऋतूनुसार, हवेनुसार बदलतं, असं मानणाऱ्या शास्त्रातून हा शब्द आला होता. त्या जाहिरातींपर्यंत येईतो तो माणसांच्या गटांवर मारायचा कायमचा शिक्का होऊ लागला होता. या शब्दाच्या सगळ्या प्रवासात मला सर्वांत जास्त अस्वस्थ करणारा टप्पा हाच आहे. अशा कागदांचं भाषांतर करताना मी शब्द सौम्य करत नाही. जे लिहिलं आहे ते तसंच उतरवतो.

आज निव्वळ रंग सांगायचा असेल तर इंग्रजीत ‘स्किन टोन’ हा शब्दप्रयोग जास्त चालतो, आणि ‘कॉम्प्लेक्शन’ त्वचेच्या अवस्थेकडे, तजेल्याकडे झुकलं आहे. त्वचारोगतज्ज्ञांकडे तर यासाठी वेगळी वर्गवारी आहे. थॉमस फिट्झपॅट्रिक यांनी 1975 साली त्वचा उन्हाने भाजते की रापते यावरून वर्गवारी सुरू केली, तिचे आता सहा प्रकार आहेत आणि अहवालात अनेकदा तोच आकडा लिहिला जातो.

दुसरा जिवंत अर्थ, म्हणजे ‘स्वरूप’, हा जुन्या गुंफणीच्या अर्थाशी खरं तर जास्त प्रामाणिक आहे. ‘दॅट पुट्स अ डिफरंट कॉम्प्लेक्शन ऑन द मॅटर’ हे वाक्य कोर्टाच्या निकालांत आणि अग्रलेखांत नेहमी येतं. एखादी नवी माहिती आली आणि सगळ्या प्रकरणाकडे पाहण्याची दृष्टी बदलली, असा भाव. मराठीत ‘त्यामुळे प्रकरणाचा रंगच पालटला’ चालतं. निकालपत्रात ‘प्रकरणाला वेगळं स्वरूप प्राप्त होतं’ असं ठेवावं लागतं.

‘पोलिटिकल कॉम्प्लेक्शन’ मात्र नवख्यांना हमखास फसवतं. ‘द पोलिटिकल कॉम्प्लेक्शन ऑफ द कौन्सिल’ म्हणजे सभागृहातलं पक्षीय बलाबल, कोणत्या पक्षाचे किती आणि एकूण झुकाव कुणीकडे. त्याचं ‘परिषदेचा राजकीय रंग’ असं केलं की मराठी वाचकाच्या डोक्यात ‘प्रकरणाला राजकीय रंग दिला’ हे वाक्य येतं, म्हणजे मुद्दाम राजकारण घुसडलं. मूळ वाक्यात तसा आरोप नसतो.

या दोन्ही अर्थांना एकाच वेळी पुरा पडणारा मराठी शब्द आहे का, असं मला विद्यार्थी विचारतात. माझ्या मते ‘नूर’ सर्वांत जवळचा आहे. ‘तिच्या चेहऱ्यावरचा नूर पालटला’ आणि ‘सभेचा एकंदर नूर पाहून त्यांनी भाषण आटोपतं घेतलं’, दोन्ही ठिकाणी तो सहज बसतो. मूळ अरबीत तो प्रकाश आहे, पण मराठीत त्याने चेहरा आणि परिस्थिती दोन्ही व्यापले. ‘रागरंग’ही कधी कधी उपयोगी पडतो, मात्र त्यात पुढे काय होईल याची चाहूल असते. औपचारिक लेखनात ‘नूर’ घेता येत नाही ही अडचण आहेच. ललित लेखनात मात्र मी तो आवर्जून वापरतो.

शेजारच्या शब्दांबाबत थोडंसं. ‘काउंटनन्स’ म्हणजे चेहऱ्यावरचा भाव, मुद्रा. तो मूळ लॅटिनमधल्या संयमाच्या शब्दापासून आला आहे, म्हणून त्यात स्वतःला सावरून धरण्याची छटा आहे. ‘फीचर्स’ म्हणजे नाकडोळे, ‘अपिअरन्स’ म्हणजे एकूण दिसणं. यांपैकी कशाचंही काम कॉम्प्लेक्शन करत नाही.

युरोपातल्या इतर भाषांतून काम करणाऱ्यांसाठी एक इशारा. स्पॅनिशमध्ये ‘कॉम्प्लेक्सिऑन’ म्हणजे शरीराची ठेवण, बांधा. ‘दणकट कॉम्प्लेक्सिऑनचा माणूस’ म्हणजे मजबूत अंगयष्टीचा. इटालियन ‘कॉम्प्लेस्सिओने’चंही तेच. पोर्तुगीज ‘कॉम्प्लेइसांव’ही बांधा किंवा प्रकृती सांगतो, रंग नाही. गोव्यातले जुने पोर्तुगीज कागद इंग्रजीच्या सवयीने वाचणाऱ्याने इथे सावध राहावं. खुद्द फ्रेंचमध्ये चेहऱ्याच्या रंगासाठी ‘तँ’ हा वेगळा शब्द आहे, आणि ‘कॉम्प्लेक्सिओं’ जुन्या, साहित्यिक भाषेत प्रकृतीसाठीच उरला आहे. घराण्यातल्या बाकी सगळ्यांनी आतला अर्थ सांभाळला, कातडीवर आला तो एकटा इंग्रजीतला.

शेवटी बायोडेटाचा प्रश्न. ‘व्हीटिश’ हा भारतीय इंग्रजीने ‘गव्हाळ’, ‘गेहुआँ’ यांवरून घडवलेला शब्द आहे. भारतात तो पूर्ण रुळलेला आहे, त्यामुळे इथल्या इथे त्याला चूक म्हणायचं कारण नाही. ब्रिटन-अमेरिकेत मात्र तो चालत नाही. तिकडच्या वाचकाला गव्हावरून पिकलेल्या कणसांचा सोनेरी पिवळा रंग आठवतो, जो ते केसांसाठी वापरतात, आणि सोनेरी चेहऱ्याचा माणूस कसा असेल या कोड्यात तो पडतो. ओळख पटवण्यासाठी एखाद्या अर्जात वर्णन द्यावंच लागलं तर ‘लाइट ब्राउन’, ‘मीडियम ब्राउन’, ‘डार्क ब्राउन’ असं सरळ लिहावं. दवाखान्याच्या अर्जात विचारलं तर तिथे प्रश्न बहुधा त्वचेच्या तक्रारींबद्दल असतो. तेलकट, कोरडी, पुरळ येणारी असं उत्तर द्यावं. लग्नाच्या बायोडेटाचं इंग्रजी करून मागायला कुणी आलं, तर हा रकाना काढून टाका असं मी सुचवतो. फोटो सोबत जोडलेलाच असतो. बरेच जण ऐकतात. ज्यांना ठेवायचाच असतो त्यांना मी ‘व्हीटिश’ऐवजी ‘ब्राउन’ लिहून देतो.